चाळीस तोंडांचं एक वाक्य

"पाय घसरला, पायरी ओली होती, जवळ कोणी नव्हतं," खुर्चीतली मुलगी म्हणाली, आणि त्याच्या हातातला छोटा आरसा तिच्या ओठांपाशी तसाच थांबला. वाक्यात तसं काही नव्हतं. मुलं पडतात, पटाशीचे दात तुटतात, आया तुटका तुकडा रुमालात बांधून धावत येतात; वीस वर्षांत असे किती दात त्यानं पुन्हा उभे करून दिले असतील, त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. पण हे वाक्य त्यानं ऐकलेलं होतं. कालच संध्याकाळी, घरी, जेवणाच्या टेबलावर, स्वतःच्या मुलीच्या तोंडून. "आमच्या गाण्यातली एक मुलगी पडली," असं सांगून तिनं पुढे हेच म्हटलं होतं. हेच शब्द, ह्याच क्रमानं. शब्दांचंही एक वेळ सोडा. 'घसरला'नंतर पुरा श्वास, 'होती'नंतर अर्धा, आणि शेवटचं 'नव्हतं' हळूच खाली ठेवून द्यायचं, झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसं. ही ठेवण बसवल्याशिवाय येत नाही. त्यानं मास्क नाकावर नीट ओढला आणि म्हणाला, "आ कर. अजून मोठा."

वरचा डावा पटाशीचा दात तिरका, अर्ध्यावर तुटला होता. पायरीवर तोंडघशी पडलेलं मूल हनुवटी फोडून घेतं, तळहात सोलून घेतं, कारण हात आपोआप पुढे जातात. हिचे तळहात कोरे होते. हनुवटीवर ओरखडासुद्धा नव्हता. मात्र वरच्या ओठाच्या आत एक कमान उमटली होती, काळीनिळी, आणि खालच्या ओठाच्या आत तिची जोडीदार कमान. दोन्ही मिळून बरोबर एक गोल. पायरी गोल नसते. स्टीलच्या पाण्याच्या बाटलीचं तोंड गोल असतं, आणि ती तोंडाला असताना कोणी तिच्या बुडावर सणसणीत थाप मारली तर दात असाच तुटतो. हे त्याला इतक्या लख्खपणे कळलं की क्षणभर त्याला आपल्या हुशारीची लाजच वाटली. मुलीची आई खुर्चीच्या पायथ्याशी उभी होती. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करणारी बाई. हातांवर वाफेनं भाजल्याचे जुने, पांढुरके डाग. "कालच आणायची हो डॉक्टर, पण शिफ्ट सोडता आली नाही," ती म्हणाली. "गाण्यात घेतलं तेव्हा घरभर नाचत होती. मला वाटलं, बरं झालं, चार मुलांत मिसळेल. एकटी एकटी असते फार." फॉर्म भरायला ती बाहेर गेली तेव्हा त्यानं खुर्ची थोडी सरळ केली आणि आवाज शक्य तितका साधा ठेवत विचारलं, "बाटली कोणाची होती, बाळा?" मुलीनं वरच्या दिव्याकडे बघितलं. मग श्वास घेतला, सगळं वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, आणि त्याच्याकडे वळून, जरा काळजीनं, तुटक्या दातातून हवा सोडत म्हणाली, "बरोबर म्हटलं ना?"

तोंडांची त्याला कधी किळस आली नव्हती. कॉलेजात बरोबरीची पोरं पहिल्या वर्षी रुमाल नाकाला लावून पळत सुटायची. तो शांतपणे पू काढायचा, कुजलेल्या दाढा उपटायचा, आणि बाहेर येऊन पोटभर जेवायचा. तोंड म्हणजे त्याच्या लेखी एक खोली होती. नीट लावायची, साफ करायची, बंद करायची. त्या दुपारी मात्र पुढच्या म्हाताऱ्या पेशंटनं तोंड उघडलं आणि त्याला ती जीभ दिसली, फुगीर, ओली, आपल्याच मर्जीनं हलणारी, आणि त्याच्या मनात आलं की ह्या मांसाच्या गोळ्यावर माणसं वाक्यं ठेवतात. दुसऱ्यांची उष्टी वाक्यं. चघळून मऊ केलेली. त्यानं पेशंटला चूळ भरायला सांगितलं आणि स्वतः बेसिनपाशी जाऊन उगाचच तीनदा हात धुतले.

घरी बायको लॅपटॉप उघडून बसली होती. ती विमा कंपनीत नोकरी करायची आणि शाळेच्या पालक समितीवर होती. रविवारी समूहगानाची स्पर्धा होती आणि पत्रकाचा मजकूर लिहायचं काम तिच्याकडे आलं होतं. "ऐक ना," ती म्हणाली, "समूहगानातून मुलं एकमेकांचं ऐकायला शिकतात, स्वतःला मागे ठेवायला शिकतात, आणि एकजुटीनं उभी राहतात. कसं वाटतंय?" "एकजुटीनं," तो म्हणाला. "का, बरोबर नाही?" "बरोबर आहे," तो म्हणाला, "अगदी बरोबर आहे." मुलगी समोर बसून जेवत होती. अकरा वर्षांची, जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून नाव पडलं टिकली, आणि आता चांगली उंच झाली तरी टिकलीच. वरच्या आवाजांच्या रांगेची ती प्रमुख होती. ह्याचा त्याला अभिमान होता. दवाखान्यात लोकांना तो आपणहून सांगायचा.

"टिकले, ती पडलेली मुलगी आज दवाखान्यात आली होती."

"हो का? फार दुखतंय का तिला?" तिनं विचारलं. अगदी योग्य तेवढ्या काळजीनं.

"काय झालं होतं नक्की?"

तिनं घास गिळला, श्वास घेतला आणि वाक्य म्हटलं. पुरा श्वास, अर्धा श्वास, आणि शेवट हळूच खाली.

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"जवळ कोणी नव्हतं."

"तुझं विचारतोय मी. तू कुठे होतीस?"

"बाबा," ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "कोणी नव्हतं म्हणजे मीपण नव्हते ना."

आणि ती पुढे जेवू लागली. तो बघत राहिला. हे दात त्याचे होते, म्हणजे त्यानं जपलेले. एकेक दुधाचा दात त्यानं स्वतःच्या हातानं काढला होता, दाढांतल्या खाचा भरल्या होत्या, रात्री ब्रश केला की नाही ते वास घेऊन तपासलं होतं. आत्ता ते दात एका लयीत घास चावत होते. ओठांच्या कोपऱ्यात थोडं खरकटं लागलं होतं. ती जिभेनं ते आत घेईल आणि मग त्याच जिभेनं आपल्याला बाबा म्हणेल, ह्या विचारानं तो ताट तसंच टाकून उठला. स्वयंपाकघरात बायको मागोमाग आली. "काय झालंय तुला? मुलं आहेत, पडतात, धडपडतात. तू तिच्याकडे कसा बघत होतास माहितीये? गटारात काही मेलेलं दिसावं तसा. तुझी मुलगी आहे ती." त्यानं बायकोला ओठांतल्या त्या दोन कमानींबद्दल सांगितलं. ती ऐकत गेली, ओट्यावरचा एकच डाग पुसत गेली, आणि शेवटी म्हणाली, "रविवार होऊ दे. रविवारनंतर बोलू आपण तिच्याशी." बायको वाईट नव्हती. पण तिच्याही तोंडाकडे त्याला बघवेना.

खरी गोष्ट अशी होती की मुलीचा त्याला राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. किळस ओळखीची असते तेव्हाच अशी घट्ट चिकटते, आणि ही ओळखीची होती. तोही अकराच वर्षांचा होता. शाळेच्या तळघरात कागदांची खोली होती, तिथल्या मोरीत ते सगळे होड्या सोडायला जायचे, आणि एका शनिवारी नळ तसाच उघडा राहिला. सोमवारी वर्षांवर्षांचे दाखले, नकाशे, जुन्या मुलांच्या वह्या, सगळ्याचा लगदा झालेला. मुख्याध्यापकांनी वर्गात येऊन विचारलं तेव्हा तीस मुलं उभी राहिली आणि म्हणाली, "शिपाईकाकांनी नळ उघडा ठेवला." आधी टाकीमागे जमून ठरवलं होतं, दोनदा म्हणूनही बघितलं होतं. त्याला वाटलं होतं की आपल्याला भीती वाटेल, आवाज कापेल. तसलं काही झालं नाही. उलट पोटात काहीतरी ऊबदार पसरलं. आपला आवाज कुठे संपतो आणि शेजारच्याचा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं, आणि ते न कळणं इतकं गोड होतं की वाक्य संपल्यावर त्याला हुरहूर लागली. वाटलं, मुख्याध्यापकांनी पुन्हा विचारावं. तिसऱ्या दिवसापासून दारापाशी शिपाईकाकांचं स्टूल रिकामं दिसू लागलं. मधल्या सुट्टीत पोरं त्यावर पाळीपाळीनं बसली. तोही बसला. स्टुलाचं लाकूड मधोमध झिजून खोलगट झालं होतं, दुसऱ्याच्या बैठकीच्या मापाचं. त्या खळग्यात आपलं अंग बरोबर बसलं ह्याची त्याला तेव्हा मजा वाटली होती. ही मजा त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. आईवडील गेले, त्यांनाही नाही.

शुक्रवारी त्यानं दुपारचे पेशंट पुढे ढकलले आणि शाळेत गेला. सभागृहाच्या दारातच वास आला: घामेजलेले मोजे, लाकडाचं पॉलिश, खोकल्याच्या गोळ्या. लाकडी पायऱ्यांवर मुलं चार रांगांत उभी होती, आणि त्यांच्यासमोर गाण्याच्या बाई. किडकिडीत, पन्नाशीच्या, स्वेटरच्या बाहीत रुमाल खोचलेला. एका हातानं पियानोची पट्टी धरून दुसऱ्या हातानं हवेत काहीतरी उचलत होत्या. मुलांनी तोंडं उघडली. एवढी उघडी तोंडं त्यानं एकदम कधी बघितली नव्हती. गुलाबी, ओल्या, सारख्या आकाराच्या गुहा, आत हलणाऱ्या पडजिभा. आणि त्यांतून सूर आला. सूर सुंदर होता. ह्याची त्यानं तयारी केली नव्हती. आपण संतापून ऐकू, आपल्याला त्यात खोटेपणा ऐकू येईल, असं त्याला वाटलं होतं. पण खोटेपणा कुठेच नव्हता. एका स्वच्छ, रुंद आवाजानं छतापर्यंतची जागा भरून टाकली, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळ्यांत आलेल्या त्या पाण्याचीच त्याला शिसारी आली. तिसऱ्या रांगेत टिकली होती. तिच्या डाव्या हाताला त्या मुलीची जागा रिकामी झाल्याचं कळतसुद्धा नव्हतं. बाकीची मुलं थोडी थोडी सरकून उभी होती.

मध्ये पाच मिनिटांची सुट्टी झाली तेव्हा त्यानं बाईंना पियानोच्या खोलीत गाठलं आणि सगळं सांगितलं. दात, दोन कमानी, वाक्य, त्यातले श्वास. आपली मुलगी कोण तेही सांगितलं. बाईंनी आधी मान हलवली. "नाही हो. ही मुलं तशी नाहीत. इथे आल्यापासून भांडणं बंद झाली आहेत ह्यांची. वर्गशिक्षक येऊन सांगतात मला." मग त्या थांबल्या. त्यांनी रुमाल बाहीतून काढला, पुन्हा खोचला. "कुठे श्वास घेतात म्हणालात?" त्यानं म्हणून दाखवलं. बाई पियानोच्या स्टुलावर बसल्या. "अर्ध्या श्वासाची ती जागा मीच त्यांच्याकडून घोटवून घेतली आहे," त्या म्हणाल्या. "भोंगा म्हणायची त्या मुलीला पोरं. मला माहीत होतं. बेसूर नव्हती ती, डॉक्टर. आवाज मोठा होता, वेगळा ऐकू यायचा, एवढंच. आणि मी रोज सांगायचे, कुणाचाही वेगळा आवाज मला ऐकू येता कामा नये."

त्यांनी मुलांना एकत्र काही विचारलं नाही. त्याचं उत्तर काय येईल ते दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी एकेकाला त्या खोलीत बोलावलं. तो बाहेर, दाराला लागून असलेल्या बाकावर बसून ऐकत होता. पहिल्या मुलानं वाक्य म्हटलं. दुसऱ्यानं म्हटलं. एकट्या आवाजात ते वाक्य विचित्र लागत होतं, मोठ्या माणसाचा कोट घातलेल्या पोरासारखं, पण उभं राहत होतं. दहा जणांपर्यंत उभं राहिलं. अकराव्याला अर्धा श्वास कुठे घ्यायचा ते आठवेना. तो अडला, मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला, आणि एकदम भोकाड पसरून रडायला लागला. त्यानंतर सगळं सुटं झालं. भोंग्याला आधी नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. तिला जमत नव्हतं. मध्येच आवाज निघायचा. म्हणून मग बाई येण्याआधीच्या सरावात तिच्या तोंडात बाटली द्यायची, दातांत धरून उभं राहायचं, गाणं संपेपर्यंत. चार दिवस. ती स्वतःच यायची, म्हणे, आणि स्वतःच बाटली मागायची, कारण हे जमलं की तिला रविवारी नेणार होते. बुधवारी कुणीतरी गमतीनं बाटलीच्या बुडावर थाप मारली. कुणी, ते एकेकानं वेगळं सांगितलं. प्रत्येकाला ती शेजारच्यानं मारल्यासारखी वाटत होती. बाटली मात्र कुणाची आणि वाक्य कुणी बसवलं, ह्याबद्दल दुमत नव्हतं.

टिकली सगळ्यांत शेवटी आत गेली. दार नीट लागलं नव्हतं. ती पाय जुळवून उभी राहिली, खांदे सैल सोडले, आणि तिनं वाक्य म्हटलं. निर्दोष.

"टिकली," बाई म्हणाल्या, "बाकी सगळ्यांनी खरं सांगितलंय मला."

मग टिकलीचा आवाज आला, दुखावलेला, पण ताठ. "म्हणजे ते फुटले. आम्ही ठरवलं होतं, बाई. शब्द दिला होता सगळ्यांनी. रांगेची जबाबदारी माझी आहे, तुम्हीच म्हणाला होतात."

तो बाकावरून उठला नाही. एका वर्षाच्या समूहगानानं जे जे येतं म्हणतात ते सगळं तिला आलं होतं: शिस्त, चिकाटी, दिलेल्या शब्दाला जागणं, स्वतःला मागे ठेवणं. चाळीस मुलांत खंबीर म्हणावं असं एकच मूल निघालं, आणि ते त्याचं होतं. त्याला हसू आल्यासारखं झालं.

बाई बाहेर आल्या, पायऱ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रविवारी आपण जात नाही." कुणी एका सुरात काही बोललं नाही. एकजण हुंदके देत होता, एक मुलगी "मी नव्हते, मी नव्हते," म्हणत सुटली, दोघांची आपापसात जुंपली, कुणी नुसतंच बुटाच्या नाडीची सोडबांध करत बसलं. बाईंनी ते सगळं बेसूर तसंच चालू दिलं. मग म्हणाल्या, "सोमवारपासून एकेकानं गायचं. मला प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकायचाय. तो ओळखता आला, तर मग बघू एकत्र गाता येतं का." त्याच्याकडे न बघता, जाता जाता त्या पुटपुटल्या, "मीही ओळखायला हवा होता."

शाळेतून तो घरी गेला नाही. दवाखान्याच्या फॉर्मवरचा पत्ता त्याच्याकडे होता. टिकलीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावून तो त्या दिशेनं चालू लागला. तिनं कुठे जायचं ते विचारलं, त्यानं सांगितलं. दुकानांच्या काचांत त्यांची प्रतिबिंबं त्यांच्याबरोबर चालत होती, एकसारखी चाल, पुढे झुकलेली मान. त्यानं चाल बदलून बघितली. मग त्यानं तिला शिपाईकाकांचं सांगितलं. नीट सांगता आलं नाही. आधी स्टूल सांगितलं, मग नळ, मग पुन्हा मागे जाऊन होड्या. पोटातल्या त्या उबेचंही सांगितलं. टिकली त्याच्याकडे न बघता ऐकत होती. "मग तू कधी सांगितलंस?" तिनं विचारलं. "आत्ता," तो म्हणाला. "कुणाला?" "तुला." तिनं ह्यावर विचार केला. "ते काका?" "मला माहीत नाही. मी कधी शोधलं नाही त्यांना." पुढच्या वळणावर ती त्याच्यापासून थोडं लांब चालू लागली, आणि आपण कसे दिसत असू ते त्याला कळलं. काल टेबलावर त्याला ती जशी दिसली होती, तसेच.

इमारत अरुंद होती. जिन्यात साबणाचा आणि गरम कापडाचा वास, प्रत्येक मजल्यावर दोरीला चादरी. दुसऱ्या मजल्यावर टिकली थांबली. कठड्याला धरून म्हणाली, "बाबा, तो तुकडा खाली नव्हता पडला."

"कुठला?"

"दाताचा. तिच्या तोंडातच होता. आम्हाला वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं जीभ बाहेर काढली, त्यावर तो होता, रक्तात, आणि ती..." टिकलीचा आवाज वर चढला, चिरकला, "ती हसली रे. माझ्याकडे बघून. म्हणाली, आता नेशील ना?"

पुढचं तिला बोलता आलं नाही. ती वाकली आणि भडभडून ओकली. पायरीवर, स्वतःच्या बुटांवर, त्याच्या पँटवर. शाळेतला डबा, पाणी, आणि मग काहीच उरलं नाही तरी पोट पिळवटून येतच राहिलं. त्यानं दप्तर टाकलं, एका हातानं तिचं कपाळ धरलं, दुसऱ्यानं केस मागे धरले. कपाळ घामानं थंडगार झालं होतं. दोन दिवसांत पहिल्यांदाच तो तिला शिवत होता. रुमाल सापडेना, म्हणून त्यानं तिचं तोंड हातानंच पुसलं, ओठ, हनुवटी, नाक, आणि हात आपल्या शर्टाला पुसला. पाण्याची बाटली त्यानं दप्तरातून काढली, मग तशीच परत आत घातली. वरून एक म्हातारी डोकावली, "काय झालं हो पोरीला?" म्हणून विचारू लागली. "काही नाही, मावशी. पुसून घेतो मी," तो म्हणाला, आणि खरोखरच तिच्याकडून जुनं फडकं आणि तांब्याभर पाणी मागून घेऊन त्यानं पायऱ्या पुसल्या. टिकलीनं चूळ भरली. मग तीही खाली बसून एक कोपरा पुसू लागली.

तिसऱ्या मजल्यावर दार बंद होतं. आत इस्त्री टेकवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एका मुलीचं गुणगुणणं, मध्येच थांबणारं, तुटक्या दातातून हवा निसटणारं, भलतंच मोठं. टिकली दाराकडे बघत उभी राहिली. तिचा श्वास वेडावाकडा, कुठेही चालला होता.

"काय सांगशील?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पाठ नाही केलंय काही."

"बरं," तो म्हणाला, आणि त्यानं दार वाजवलं.